सतरा क्रमांकाच्या वक्त्याचं पुढे काय झालं

एका पत्राचं उत्तर मी सत्तावीस वर्षं दिलं नाही. एरवी ही सांगण्यासारखी गोष्ट नव्हे. पत्रं राहून जातात. पण मी छत्तीस वर्षं एका कंपनीच्या आवक-जावक विभागात होतो. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, क्रमांक द्यायचा, उत्तर गेलं की नोंदवहीत लाल पेन्सिलीने खूण करायची, एवढंच माझं काम. माझ्या हाताखालून गेलेल्या हजारो पत्रांत बिनउत्तराचं एकही सापडायचं नाही. सापडेल ते माझ्या स्वतःच्या नावावर आलेलं.

अर्ध्या पानाचं पत्र होतं, निळ्या शाईतलं. "प्रिय मित्र, पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते आहे. उरलेली खोकी सवडीने पाठवावीत. आणि एक विचारायचं होतं. सतरा क्रमांकाच्या वक्त्याचं पुढे काय झालं? त्या प्रकरणाला शेवट नाही अशी सगळ्यांची तक्रार आहे. कळवलंत तर आभारी होईन. वहिनींना नमस्कार." खाली प्राध्यापकांची लांब शेपटीची सही.

सतरा क्रमांकाचा वक्ता म्हणजे वहिनीच. म्हणजे माझी बायको. हे प्राध्यापकांना ठाऊक असूनही त्यांनी नमस्कार सांगितला होता, की दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात कधी शेजारी आल्याच नव्हत्या, हे मला आजही सांगता येत नाही. दोन्हींपैकी जास्त वाईट काय, तेही ठरवता आलेलं नाही.

ही खोकी कसली, ते आधी सांगायला हवं.

मला इंग्रजी बोलायची भीती वाटते. ऐकायची वाटत नाही. कंपनीचा सगळा पत्रव्यवहार इंग्रजीत चाले आणि तो लिहिणारी माणसं आपली होती. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात एका पत्रात 'काइंडली डू द नीडफुल' असं वाचलं. शब्दकोशात पाहिलं, तसं काही नव्हतं. तरी लिहिणाऱ्याला ते बरोबर वाटत होतं, वाचणाऱ्याला कळत होतं आणि काम होत होतं. मला त्याची मोठी गंमत वाटली. जुन्या फायलीच्या पुठ्ठ्यातून पत्त्याएवढी चिठ्ठी कापली आणि तिच्यावर ते वाक्य लिहिलं. मग सवयच लागली. खिशात कोऱ्या चिठ्ठ्या आणि बोटाएवढी पेन्सिल. कचेरीत मला 'चिठ्ठीबहाद्दर' म्हणायचे. मी हसायचो आणि त्या हाकेआधीचं वाक्य लिहून घ्यायचो.

लिहायची पद्धत ठरलेली होती. पुढच्या बाजूला फक्त वाक्य. कोपऱ्यात क्रमांक, तो जागेचा. एक म्हणजे आमचा विभाग, दोन म्हणजे कॅन्टीन, पाच म्हणजे बसस्थानकातली चौकशीची खिडकी, नऊ म्हणजे न्हाव्याचं दुकान. आणि मागच्या बाजूला, बारीक अक्षरात, बाकीचं सगळं: कोण बोललं, किती वाजता, काय करत असताना. पुढची बाजू मी कुणालाही दाखवीत असे. मागची माझी.

आपली माणसं इंग्रजी बोलताना चुकतात असं म्हणतात. मला ते तसं वाटलं नाही, पण मोठ्याने म्हणायचा धीरही झाला नाही. आपल्याला जोर शेवटी द्यायची सवय: आजच, इथेच, मीच. इंग्रजीत तो 'च' लावायचा कुठे? मग माणूस वाक्याच्या शेपटीला 'ओन्ली' बांधतो आणि भागवतो. गरम गरम म्हणणारा माणूस 'हॉट हॉट' म्हणणारच. दुखणं चालू असतं, म्हणून 'आय ॲम हॅविंग पेन'. एखादी तारीख पुढे ढकलता येते तर अलीकडेही ओढता आली पाहिजे, म्हणून 'प्रीपोन'. थोरामोठ्यांना सरळ 'कर' म्हणायचं नाही, म्हणून एका वाक्यात दोनदा 'काइंडली'. भाड्याच्या घरात राहायला गेलेला माणूस आठवड्याभरात चार खिळे ठोकतो, एक दोरी बांधतो, दाराशी पायपुसणं टाकतो. भिंती मालकाच्याच राहतात, पण घरात पाऊल टाकलं की कोण राहतं ते कळतं. मला ते खिळे मोजायला आवडायचं.

सतरा क्रमांक म्हणजे दाताचा दवाखाना. तिथे ही बसायची, फोनवर आणि अपॉइंटमेंटच्या वहीवर. शाळा संपताच हिचं लग्न झालेलं. इंग्रजी ती त्या फोनवरच शिकली. वाक्य अडलं म्हणून थांबणं हिला माहीत नव्हतं. हाताला लागेल तो शब्द उचलायचा आणि पुढे. "डॉक्टर इज सिटिंग टिल सेव्हन ओन्ली. यू कम फास्ट फास्ट, आय विल ॲडजस्ट यू." रडत आलेला माणूस हिचं बोलणं ऐकून निम्मा बरा व्हायचा. कचेरी सुटली की मी तिला न्यायला जायचो आणि सव्वासहा ते सात बाहेरच्या बाकावर बसायचो. तेवढ्या पाऊण तासाची चारशे बारा वाक्यं जमली होती.

प्राध्यापक मला आमच्या साहेबांकडे भेटले. आपल्या लोकांच्या इंग्रजीवर ते पुस्तक लिहीत होते. माझ्या खोक्यांबद्दल ऐकून घरी आले, जमिनीवर बसून चिठ्ठ्या वाचल्या, 'अहो, हा तर खजिना आहे' म्हणाले. आयुष्यात कुणी मला तसं म्हणालं नव्हतं. त्यांनी अकरा खोकी मागितली. मीच रिक्षात ठेवून दिली. त्याच सुमारास त्यांची दाढ दुखत होती. मीच त्यांना हिच्या दवाखान्यात पाठवलं. ते सहा वेळा आले. सहाही वेळा मी समोरच्या बाकावर होतो आणि माझ्या खिशात चिठ्ठ्या होत्या. त्या चिठ्ठ्याही, पुढच्या आठवड्यात मागितल्या तेव्हा, मी सतराच्या खोक्यासाठी इमानाने पोचवल्या.

त्यांच्या विद्यार्थ्याने चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स काढल्या. काचेवर बारा-बारा मांडून, एकाच बाजूने. दोन्ही बाजू म्हणजे दुप्पट काम. मागे काही लिहिलेलं आहे हे कुणी पाहिलं नाही, की पाहिलं आणि कारकुनी टिपणं म्हणून सोडून दिलं, कोण जाणे. आणि कोपऱ्यातला क्रमांक त्यांनी वक्त्याचा धरला. मला विचारलं असतं तर एका वाक्यात सांगितलं असतं. पण चिठ्ठ्या जमवणाऱ्या माणसाला चिठ्ठ्यांबद्दल विचारावं असं त्यांना वाटलं नाही.

म्हणून त्या पुस्तकात वक्ता क्रमांक पाच हा एकाच सकाळी चार गावांना जायला निघालेला गृहस्थ आहे आणि 'त्याच्या क्रियापदांतली घालमेल' यावर दीड पान आहे. वक्ता क्रमांक नऊ स्वतःचेच केस कापतो. मला यावर हसू आलं असतं, पण पुढचं प्रकरण सतराचं होतं.

'वक्ता क्रमांक सतरा: दाताच्या दवाखान्यातली एक स्वागतिका, चाळिशीची, जेमतेम शिकलेली.' खाली चौदा वाक्यं. 'प्लीज सिट' म्हणणारी ही बाई दुसऱ्या क्षणी 'आय ॲम हॅविंग टू मच पेन सिन्स मॉर्निंग, टेल डॉक्टर टू टेक मी फर्स्ट, नो?' म्हणते. म्हणजे आपण रुग्ण आहोत की नोकर, याचंही हिला भान नाही. 'भाषा विस्कटली की विचारही विस्कटतो, याचा हा नमुना. घसरणीचा हा तळ आहे.'

चौदांतली नऊ वाक्यं प्राध्यापकांची होती. दाढ धरून, खुर्चीच्या कडेवर बसून, माझ्या बायकोला उद्देशून बोललेली. 'आय ॲम नॉट फिअरिंग, बट प्लीज टेल हिम स्लोली स्लोली.' 'व्हॉट ऑल ही विल डू इनसाइड?' सगळी त्यांचीच. एक वाक्य एका निवृत्त न्यायाधीशांचं होतं, एक कुरिअरवाल्याचं. तीन हिची. स्वतःच्या तोंडचं कुणाला ऐकू येत नाही. छापलेलं दिसलं तरी ते दुसऱ्याचंच वाटतं.

डॉक्टरांची मुलगी कॉलेजात होती. तिने ते पान दवाखान्यात आणून मोठ्याने वाचलं. वाईट हेतू नव्हता. पण त्या दिवसापासून फोनवर लोक विचारू लागले, "सतरा नंबर आहेत का?" कुणी आत येताना म्हणायचं, "काय बाई, तुमची दाढ कशी आहे आता?" हिने महिनाभर काढला आणि नोकरी सोडली. येताना अपॉइंटमेंटच्या वह्या तेवढ्या घेऊन आली. डॉक्टर म्हणाले, न्या, रद्दीच आहे. त्यानंतर हिने इंग्रजीतला एक शब्द उच्चारला नाही. फोनवर कुणी इंग्रजीत बोललं की रिसीव्हर माझ्या हातात द्यायची. मी 'राँग नंबर' म्हणून ठेवून द्यायचो.

ते पुस्तक तिने उघडलं नाही. मला एक शब्द विचारला नाही.

आणि मी गप्प बसलो. खोकं परत आलं होतं. नऊ चिठ्ठ्या माझ्याकडे होत्या, मागे तारीख, वेळ आणि 'प्रा.' लिहिलेल्या. एका लिफाफ्यात घालून पाठवल्या असत्या तर संपलं होतं. दर वर्षी मी माळ्यावरून ते खोकं काढत असे, नऊ चिठ्ठ्या ओळीने मांडत असे आणि मनात पत्र लिहीत असे. सभेत, टाळ्यांच्या मधोमध त्यांच्या हातात लिफाफा पडतोय, ते वाचतायत, चेहरा पांढरा पडतोय. कधी त्यांना सभा सोडून जायला लावायचो, कधी नाही; बसवूनच ठेवायचो. खरं सांगायचं तर त्या कल्पनेवर मी बराच काळ जगलो. पण चिठ्ठ्या दाखवायच्या म्हणजे खोकं हिच्यासमोर उघडायचं. आणि खोक्यात हिच्याही चिठ्ठ्या होत्या. त्यांच्याही मागे लिहिलेलं होतं.

गेल्या महिन्यात आमची नात आमच्याकडे राहायला आली, मुलीची मुलगी. तिचं कॉलेज इथून जवळ पडतं. एका दुपारी ही भाजी निवडत बसली होती आणि नात टेबलाशी वाचत होती.

"आजोबा, ऐका ना, भारी आहे हे," ती म्हणाली आणि किनऱ्या आवाजात वाचू लागली, "टेल डॉक्टर टू टेक मी फर्स्ट, नो? स्लोली स्लोली!" मग स्वतःच हसली. "सतरा नंबरची बाई. आमच्या वर्गात हिला फुल डिमांड आहे."

पुस्तकाची चौथी आवृत्ती होती. वर लिहिलं होतं, अभ्यासक्रमासाठी.

हिने मान वर केली नाही. "परीक्षेत येतं का गं हे?"

"येतं ना. हिचे दोष लिहा. दहा मार्क."

"मग नीट पाठ कर," ही म्हणाली. निवडलेली भाजी तशीच ठेवली आणि आत गेली.

"आजीला काय झालं?"

मी सांगितलं. सगळं नाही; सतरा नंबर कोण आणि प्राध्यापकांचं ते पत्र, एवढंच. नातीने पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "आणि तुम्ही काय केलंत?"

"काही नाही."

"त्या माणसाने पत्र लिहून विचारलं आणि तुम्ही काहीच नाही? निदान रिव्हर्ट तरी करायचं ना, आजोबा."

'रिव्हर्ट' या शब्दाची माझ्याकडे चिठ्ठी आहे, पहिल्या खोक्यात. पुस्तकात त्याचाही समाचार घेतला आहे. पण त्या वेळी मला ते लिहून घ्यावंसं वाटलं नाही. मला फक्त एवढं दिसलं, की माझी नात तिच्या आजीचे दोष दहा मार्कांसाठी पाठ करणार आहे, आणि तेही तिचे नसलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, नात गेल्यावर, मी खोकं खाली काढलं आणि हिच्यासमोर ठेवलं.

"हे काय आता?"

"सतरा."

"झुरळं झाली असतील त्यात. बाहेर उघडा."

"अगं, बघ तरी." मी नऊ चिठ्ठ्या काढून टेबलावर मांडल्या. "वाच."

"मला नाही वाचायचं ते."

"उलटून वाच. मागचं."

तिने चष्मा लावला. पहिली चिठ्ठी उलटली, दुसरी उलटली. "प्रा. म्हणजे?"

"प्राध्यापक. ते दाढेसाठी आले होते ना. तेव्हा म्हणाले होते."

"आले होते, म्हणाले होते," ती म्हणाली. "अजून त्याला अहो-जाहो करताय?" मग तिने उरलेल्या सात वाचल्या. शेवटची हातात तशीच राहिली. "म्हणजे हे मी बोललेच नव्हते."

"नाही."

"मला वाटायचं, बोलले असेन. घाईत, फोनच्या गडबडीत. इतकी वर्षं मला वाटत होतं, बोललेच असेन मी असं." तिने ती चिठ्ठी बाकीच्यांत ठेवली. "तुम्हाला कधी कळलं?"

"पुस्तक आलं तेव्हाच."

"पहिल्या दिवशी."

"हो."

"मग?"

याचं उत्तर तोंडाने देणं मला जमलं नसतं. मी खोक्यातला दुसरा गठ्ठा काढला आणि तिच्यासमोर सरकवला. हिच्या एकशे सहा चिठ्ठ्या होत्या. तिने एकेक उलटली. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. समोरच्या गॅलरीत कुणीतरी चटई झटकत होतं.

"'ही. फोनवर. हसू आवरेना,'" तिने वाचलं. "कुणाला?"

"मला."

आणखी काही चिठ्ठ्या उलटल्याचा आवाज आला. मग तो थांबला, आणि ती कुठल्या चिठ्ठीपाशी थांबली आहे हे मला न बघता कळलं.

"'ही. विचारलं, बरोबर आहे ना? मी हो म्हणालो. सुधारलं तर नमुना जाईल.'"

मी मागे वळलो नाही.

"मी रोज विचारायचे तुम्हाला," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "घरी येताना. हे असंच म्हणतात ना, ते तसंच म्हणतात ना. तुम्ही म्हणायचात, अगदी बरोबर."

"माझ्या लेखी ते बरोबरच होतं."

"ते इथे नाही लिहिलेलं. इथे नमुना लिहिलंय." तिने चिठ्ठी खाली ठेवली. "त्याने मला विचारलंच नाही. तुम्हाला मी विचारलं होतं."

मग ती खोक्यात हात घालून काहीतरी शोधू लागली. "तुमची चिठ्ठी कुठे आहे?"

"माझी नाही."

"एकही नाही? सगळ्या जगाची आहे, न्यायाधीशाची आहे, कुरिअरवाल्याची आहे. तुमची कशी नाही?"

"मी बोलायचो नाही."

"हो," ती म्हणाली. "चूक झाली असती."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. जेवण ताटात येत होतं, चहा टेबलावर येत होता, पण जसा खानावळीत येतो तसा. नातीने दोन्हीकडे पाहिलं आणि शहाण्यासारखी मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली. मी बसून स्वतःला सांगत होतो की ती मला माफ करील आणि आपण मिळून हे सगळं विसरून जाऊ. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने माझ्यासमोर एक जाड वही आपटली. दवाखान्याची, त्या वर्षाची. कव्हरावर तिचं जुनं, गोलसर अक्षर.

"तारखा वाचा," ती म्हणाली.

मी चिठ्ठीमागची तारीख वाचली. तिने वहीचं पान काढलं, बोट खाली आणलं. "सहा चाळीस. आहे. पुढची."

सहाही संध्याकाळी प्राध्यापकांचं नाव वहीत होतं. सहाही वेळा वेळ जुळत होती. एका पानावर तर त्यांच्या नावापुढे तिने लिहिलं होतं, 'फार घाबरतात. आधी घ्यावे.'

"मी याला रांग मोडून आत सोडला होता," ती वहीकडे बघत म्हणाली. "एक बाई भांडली होती माझ्याशी त्यावरून." तिने वही मिटली. "कागद घ्या. खोक्यात त्याचं पत्रही होतं, वाचलं मी. त्याने विचारलंय ना, सतरा नंबरचं काय झालं? सांगू या."

मी कागद घेतला, कार्बन लावले. सत्तावीस वर्षांत मनात लिहिलेली सगळी पत्रं मला तोंडपाठ होती. "आदरणीय" की "महोदय", एवढंच ठरवायचं राहिलं होतं.

"तुमचं नको," ती म्हणाली. "मी सांगते, तुम्ही लिहा. इंग्रजीत. आणि एक अक्षर सुधारायचं नाही."

"अगं, पण तुझं..."

"एक अक्षर."

ती खुर्चीत ताठ बसली, दवाखान्यात बसायची तशी, उजवा हात टेबलावर, जणू शेजारी फोन आहे. आधी नुसतेच ओठ हलले. मग आवाज आला, जरा गंजलेला, पण तोच.

"डिअर सर. यू हॅड आस्क्ड व्हॉट हॅपन्ड टू स्पीकर सेव्हन्टीन. स्पीकर सेव्हन्टीन इज स्पीकिंग ओन्ली. आय ॲम फाइन. माय हजबंड इज ऑल्सो देअर."

मी लिहिलं. पेन एकदा अडखळलं. तिने पाहिलं, मी पुढे लिहिलं.

"नाइन सेंटेन्सेस आर युअर्स, सर. यू ओन्ली टोल्ड इन फ्रंट ऑफ मी, होल्डिंग युअर चीक. डेट, टाइम, एव्हरीथिंग इज रिटन बिहाइंड, सो यू काइंडली टर्न अँड सी. यू वेअर हॅविंग टू मच पेन दॅट टाइम. आय हॅड सेंट यू फर्स्ट. वन लेडी शाउटेड ऑन मी. यू मस्ट बी रिमेंबरिंग."

"पुढे?"

"थ्री आर माइन. दॅट मच आय ॲम टेकिंग बॅक. युअर नाइन यू कीप विथ यू. नाऊ यू डू वन थिंग. न्यू बुक विल कम, नो? पुट युअर गुड नेम ऑन दॅट चॅप्टर, अँड मेक चिल्ड्रन राइट डिफेक्ट्स फॉर टेन मार्क्स."

ती थांबली. मी वाचून दाखवलं. मला एवढंच सांगता येईल की मी छत्तीस वर्षं पत्रं हाताळली, पण ज्याच्यात एकही शब्द इकडचा तिकडे करता येणार नाही असं पत्र मी दुसरं पाहिलं नाही.

तरी माझा स्वभाव. म्हटलं, "त्यांना आता एक्याऐंशी वर्षं झाली. पत्नी गेल्या. एकटेच असतात म्हणे."

"मग वाचायला वेळ असेल," ती म्हणाली. "आणि हे त्याला एकट्याला पाठवून काय होणार? कचऱ्यात टाकील. तुम्ही कचेरीत ते काय करायचात, खाली लिहायचात?"

"प्रत माहितीसाठी."

"ते करा."

इथे मात्र मला कुणाला विचारावं लागलं नाही. तेवढं एकच हत्यार मला आयुष्यात चालवता आलं. पत्राखाली डाव्या बाजूला, समासापासून दोन बोटं सोडून, मी लिहिलं. प्रत माहितीसाठी: प्रकाशक. विभागप्रमुख. परीक्षा मंडळाचे सचिव, चौथ्या आवृत्तीच्या पृष्ठक्रमांकासह. सोबत: चिठ्ठ्या नऊ, दोन्ही बाजू, अपॉइंटमेंट वहीची पानं सहा. असं पत्र दाबता येत नाही, हे मला ठाऊक होतं. तीन कचेऱ्यांत तीन शिक्के पडतात, तीन नोंदवह्यांत क्रमांक लागतो, आणि प्रत्येक ठिकाणी माझ्यासारखा कुणीतरी लाल पेन्सिल घेऊन उत्तराची वाट पाहत बसतो. हे लिहिताना मला जो आनंद झाला तो चांगल्या माणसाचा नव्हता. मी तो लपवला नाही. तिनेही लपवला नाही.

"एक झेरॉक्स जास्त काढा," ती म्हणाली. "नातीला. तिची परीक्षा आहे."

सही तिने स्वतः केली. नाव नाही लिहिलं. 'स्पीकर सेव्हन्टीन' लिहिलं आणि खाली एक रेघ ओढली.

टपाल कचेरीत ती माझ्याबरोबर आली. खिडकीमागे एक तरुण बाई होती, कानावर पेन खोचलेली. एरवी मी पाकिटं आत सरकवतो आणि मान हलवतो. इतकी वर्षं तेवढ्यावर भागलं आहे.

"रजिस्टर्ड?" तिने विचारलं.

माझ्या पाठीशी ही उभी होती. मान हलवून चालणार नाही, हे मला पाठीला कळत होतं.

"येस," मी म्हणालो. "ऑल फोर. विथ पोचपावती. टुडे ओन्ली इट शुड गो, नो?"

"टुडे ओन्ली इट विल गो, अंकल," ती बाई म्हणाली. तिने वरही पाहिलं नाही.

मागे खरखर ऐकू आली म्हणून वळलो. हिने पर्समधून एक कोरी चिठ्ठी काढली होती, माझ्याच खोक्यातली, आणि भिंतीला टेकवून लिहीत होती.

"दाखव."

"पुढची बाजू बघा हवी तर," ती म्हणाली. "मागची माझी." आणि चिठ्ठी पर्समध्ये टाकून तिने चेन लावली.

आत शिक्का पडत होता. प्रकाशक, विभागप्रमुख, सचिव. प्राध्यापकांचं पाकीट शेवटी आलं. बाईने ते सरळ केलं, शिक्का दोनदा मारला, कारण पहिला नीट उठला नव्हता, आणि न बघता मागच्या पोत्यात भिरकावलं.